नळीचा सूर

यास्मिन शिकलगारच्या हातून गेलेली बंदूक बोलायला लागते, असं कोल्हापुरातले नेमबाज म्हणत. यात थोडी खुशामतही असायची, कारण दुरुस्तीचा नंबर लवकर लागावा ही प्रत्येकाची इच्छा. पण बरंचसं खरंच होतं. तलवारींना धार लावण्यात तिच्या घराण्याच्या पिढ्या गेल्या, नंतर बंदुका आल्या, आणि २०४३ साल उजाडलं तेव्हा बंदुकीच्या नळीला कायद्याने हात लावू शकेल असं अख्ख्या जिल्ह्यात एकच दुकान उरलं होतं.

त्या दुकानाच्या आढ्याला रेशमी दोऱ्यांनी एक जुनी नळी आडवी टांगलेली होती. घरात तिला 'उस्ताद' म्हणत. नवी नळी तयार झाली की तीही तशीच टांगायची, पितळेच्या हातोडीने दोघींवर हलकी टिचकी द्यायची आणि कान लावून बसायचं. नवी नळी बेसूर वाटली की कानस घ्यायची. सुरात आली की ती नळी सरळ मारा करते, हा घरचा अनुभव. पण यास्मिनच्या अब्बांनी, म्हणजे दस्तगीरभाईंनी, एक नेम घालून दिला होता. नवी नळी सुराने उस्तादाच्या जवळ आणायची, पण एक केस दूर ठेवायची. दोन माणसांचा आवाज कधी एक नसतो, दोन नळ्यांचा असू नये. दस्तगीरभाई आता ठार बहिरे झाले होते, तरी शिसवी काडीचं एक टोक दातांत धरून दुसरं नळीला टेकवत आणि दातांनी सूर ओळखत. पोरीच्या कामात खोट काढायला त्यांना एवढं पुरे होतं.

आता हा सगळा म्हाताऱ्याचा छंद वाटेल. पण सरकारलाही हाच छंद लागला होता.

लोखंडाची कुठलीही नळी ठोकली की घुमते. किती घुमते, कशी घुमते, हे तिची लांबी, जाडी आणि आत राहून गेलेल्या बारीकसारीक उण्याअधिकावर ठरतं. गोळी सुटते तेव्हाही नळी क्षणभर घंटेसारखी थरथरते. स्फोटाच्या धडाक्यात ते माणसाला ऐकू येत नाही, यंत्राला येतं. शास्त्रज्ञांनी कारखान्यातल्या दहा हजार नळ्या तपासल्या आणि एकीसारखी दुसरी सापडली नाही. मग कायदाच झाला. प्रत्येक परवानाधारकाच्या नळीची 'नादखूण' सरकारदरबारी नोंदवायची. चौकाचौकात खांबांवर यंत्रं बसली. लोक त्यांना 'कान' म्हणू लागले. शहरात कुठेही गोळी सुटली की दोन सेकंदांत कान सर्वांत जवळची नोंद शोधून काढी आणि एक नाव सांगे. एकच नाव. त्या नावावर राज्यात चारशे बारा माणसं आत गेली होती आणि त्यांतलं एकही कोर्टात सुटलं नव्हतं.

नळीला परवानगीवाचून हात लावला तर दहा वर्षं. एका नळीचा नाद दुसरीसारखा केला तर काय, हे कायद्यात नव्हतं, कारण असं कोणी करू शकतं हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

भाद्रपद संपत आला होता. जयसिंग मोहिते सर केतकीला घेऊन दुकानात आले. केतकी इंगवले बावीस वर्षांची, अपघातापासून व्हीलचेअरवर, आणि तरीही राज्यातली पहिल्या तिघांतली नेमबाज. मोहिते सर तिचे प्रशिक्षक. केस पांढरे, इस्त्रीचा सदरा आणि बोलणं असं की समोरच्याला आपण फार शहाणे आहोत असं वाटावं.

"हे घ्या ताई, परवानगी आली," त्यांनी शिक्क्यांचा कागद पुढे केला. "आठ महिने हेलपाटे घातले बघा."

केतकीच्या सेमी-ऑटो रायफलीची नळी लांब होती. खुर्चीत बसून उचलली की तोंडाकडे जड व्हायची आणि हात लवकर भरून यायचे. नियमापेक्षा आखूड नळी बसवायला खास मंजुरी लागे, कारण आखूड बंदूक सदऱ्याखाली लपते आणि सरकारला नेमकी तीच धास्ती. ती मंजुरी जिल्ह्यात पहिल्यांदाच कोणाला मिळत होती. पोलिसांचा माणूस समोर बसला, जुनी नळी सील करून घेऊन गेला, आणि यास्मिनने आखूड नळी लावायला घेतली.

"एक विनंती होती," मोहिते सर म्हणाले. त्यांनी आपलीही रायफल आणली होती. जुनी, हजारो गोळ्या खाल्लेली, दस्तगीरभाईंनीच कधीकाळी सुरात लावलेली. "उस्तादावर नको, माझ्या नळीवर लावा हिचा सूर. अगदी तोच. एक केसही लांब नको. पोरगी माझ्या हाताखाली वाढली, माझा सूर तिच्याकडे जाऊ दे."

केतकीचे डोळे भरून आले. "सर, असलं काय बोलता वो," एवढंच तिला बोलता आलं.

दस्तगीरभाईंना ऐकू आलं नव्हतं, पण लेक कोणत्या नळीशेजारी कोणती टांगतेय ते त्यांनी पाहिलं आणि जोरजोरात मान हलवली. "उस्ताद! उस्तादावर! आन् केस ठेव!"

यास्मिनने हाताने त्यांना गप्प केलं. खरं सांगायचं तर तिला चेव चढला होता. आखूड नळी चढ्या सुरात बोलते, तिला लांब नळीच्या सुरात आणायचं म्हणजे खायचं काम नव्हे. तीन दिवस ती कानस घेऊन बसली. तिसऱ्या संध्याकाळी दोन्ही नळ्यांवर टिचकी मारली तेव्हा आवाज एकच आला. तिला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की तिने पुन्हापुन्हा टिचकी मारून पाहिली. दुसऱ्या दिवशी केतकीची नवी नादखूण रीतसर नोंदली गेली. मोहिते सरांची नोंद मात्र चार वर्षांपूर्वीची होती. तेव्हापासून त्यांची नळी झिजली होती, तिचा सूर बदलला होता, आणि त्यांची तपासणी पुढच्या वर्षी होती. ही गोष्ट त्या दिवशी दुकानात फक्त एकाच माणसाच्या मनात होती.

नवरात्राच्या चौथ्या माळेला सकाळी नेमबाजी क्लबचे उपाध्यक्ष धनाजी पोवार फिरायला निघाले होते. मैदानाच्या कोपऱ्यावर एक गोळी सुटली आणि ते जागीच गेले. दोन सेकंदांत कानांनी नाव सांगितलं: केतकी इंगवले.

पाचव्या माळेला इन्स्पेक्टर सुतार दुकानात आले. माणूस सरळ होता, पण थकलेला. "ताई, गोळी केतकीच्याच नळीची हाय अशी तज्ज्ञ म्हणून तुमची सही पाहिजे. नळी तुमच्या हातची हाय."

"ती खुर्चीवर असते साहेब. गोळी घालून पळाली कशी?"

"घर मैदानाला लागून हाय. आई देवळात गेलेली. खिडकीतनं घातली म्हणत्यात." त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली. "मी काय म्हणतोय ते सोडा. कान काय म्हणतोय ते ऐका."

यंत्राने स्फोटाचा धडाका वगळून नळीचा तेवढा नाद ऐकवला. यास्मिनने डोळे मिटले. सूर केतकीचा होता, यात शंका नाही. तिनेच तर लावला होता. पण सूर विरता विरता शेवटाला एक बारीक खरखर आली. जुन्या, झिजलेल्या नळीचीच ती खरखर असते. दोन आठवड्यांच्या नळीला ती येत नाही. यंत्राच्या हिशेबी ती शेपटी बिनकामाची होती आणि ते ती गाळूनच जुळणी करत होतं.

यास्मिनने डोळे उघडले. ती खरखर तिने तीन दिवस मोहित्यांच्या नळीत ऐकली होती.

"आणखी एकदा लावू?" सुतारांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. बोलायला तोंड उघडलं तर काय काय बाहेर पडेल ते तिला स्पष्ट दिसत होतं. माझ्या हाताने मी दोन नळ्या एक केल्या, साहेब. मग दुकानाला टाळं, तिला बेड्या आणि ऐंशी वर्षांचे बहिरे अब्बा कोणाच्या दारात? शिवाय सरकारचा कान फसतो हे बोलणारी ती पहिली. तिला कोण सोडणार? ती भ्याली. साधं, सरळ भ्याली.

तिने सही केली.

सुतार गेल्यावर हात धुवायला ती नळाखाली उभी राहिली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली.

सहाव्या माळेला दुपारी मोहिते सर आले. हातात पेढ्यांचा पुडा. दस्तगीरभाईंना नमस्कार करून त्यांनी स्टूल ओढून घेतलं.

"सही केलीत असं कळलं. बरं केलंत."

यास्मिन कानस पुसत राहिली.

"पोरीचं वाईट वाटतं हो. पण पोवारसाहेबांनी तिचं नाव संघातनं कापायचं ठरवलं होतं, राग कुणाला येत नाही?" पोवारांनी मोहित्यांनाच क्लबातून काढायचं ठरवलं होतं, हे अख्ख्या क्लबाला ठाऊक होतं. मोहिते सर थोडे पुढे झुकले. "ताई, कुणी उद्या म्हटलं की एक सूर दोन नळ्यांना लागतो, तर पहिला हात कुणाचा दिसंल? कानस कुणाच्या हातात होती? मी तर साधा गिऱ्हाईक. मला सुरातलं काय कळतंय?"

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की बाजूला बसलेल्या अब्बांनी हसून मान डोलावली. 

"खंडेनवमीला येतोय," जाताना ते म्हणाले. "आपल्या क्लबाची पूजा तुमच्याच दुकानात, दरवर्षीसारखी."

त्या दिवसापासून तिला कानांची भीती वाटू लागली. दुकानासमोरच्या खांबावरचं यंत्र आपल्याकडे वळलंय असा भास व्हायचा. ते फक्त गोळीचा आवाज ऐकतं हे ती जाणून होती, तरी खांबाखालून जाताना ती श्वास रोखायची. फोन वाजला की दचकायची. जेवताना घास फिरायचा.

आठव्या माळेला केतकीची आई आली. बाई दारातच बसली. यास्मिनने पाणी दिलं ते तिने हातात नुसतं धरून ठेवलं.

"पोरगी म्हणतीया मी न्हाई केलं. पैल्यांदा मलाबी वाटलं, यंत्र चुकलं आसंल. मग तुमची सही बगितली." ती जमिनीकडे बघत होती. "म्हटलं, यास्मिनताई काय खोटं लिवायच्या न्हाईत. मग मीबी पोरीला म्हटलं, कबूल कर बाई. ती माझ्याकडं बगतच राहिली."

ती पाणी न पिताच उठून गेली.

यास्मिन कामाच्या फळीशी गेली. अब्बांशी बोलायचं असलं की ती फळीवर खडूने लिही. तिने लिहिलं: 'मोहित्यांनी मारलं. मी केस ठेवला नाही म्हणून नाव केतकीचं आलं.' दस्तगीरभाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम म्हातारा झाला. तिने खाली लिहिलं: 'बोलले तर मला बेड्या.'

 "मला इचारू नगंस, बेटा. माझं काय, मी आज हाय, उद्या न्हाई. मी हो म्हणीन आन् भोगशील तू." त्यांनी बाहीने अक्षरं पुसली. "पर त्येची बंदूक उद्या हितं येणार हाय. मग फुडल्या वर्सापतोर न्हाई."

खंडेनवमीची सकाळ. दुकान सारवून स्वच्छ केलं होतं. पाटावर यास्मिनच्या कानशी, हातोड्या, पकडी मांडलेल्या, आणि समोर सतरंजीवर क्लबाच्या बावीस बंदुका, रिकाम्या, खटके उघडे. हळद-कुंकू, आपट्याची पानं, झेंडूचे हार. पूजा मोहिते सरच सांगत. यास्मिनच्या आजोबांपासूनचा रिवाज होता: पूजा क्लबाची, जागा शिकलगारांची, आणि एकदा हार घातला की दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्या हत्याराला कोणी हात लावायचा नाही. शिकलगारांनी तर नाहीच. तीन पिढ्यांत हा रिवाज मोडला नव्हता.

पाचापेक्षा जास्त बंदुका एकत्र आल्या की कायद्याने पोलीस हवा. म्हणून इन्स्पेक्टर सुतार आले होते, सोबत एक हवालदार आणि हातातलं कानयंत्र. आलेल्या बंदुका नोंदीतल्याच आहेत ना, हे हातोडीच्या टिचकीने तपासायचं.

ते एकेका बंदुकीशी वाकत होते. टिचकी. यंत्र नाव सांगे. मालक हसून मान हलवी.

मोहित्यांच्या रायफलीवर पहाटेच हार चढला होता. एक नव्हे, तीन. नळी झेंडूत बुडून गेली होती. सुतारांनी टिचकी मारली. फुलांत आवाज मुरला. यंत्र म्हणालं, "नोंद अस्पष्ट."

"पूजेचं हत्यार हाय साहेब," मोहिते सर हात जोडून म्हणाले. "परवा ऑफिसात आणतो की. दरसाल असंच असतंय."

खरंच दरसाल असंच असे. हार घातलेल्या चारपाच बंदुका पोलीस सोडून देत. सुतार पुढच्या बंदुकीकडे वळले.

यास्मिन भिंतीला टेकून उभी होती.  परवा मोहित्यांनी सांगितलं असतं की नळी हातून पडली, वाकली, विहिरीत गेली. ती पाऊल उचलू शकत नव्हती. मग तिला केतकीची आई आठवली, हातातला पाण्याचा पेला आठवला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण सतरंजीवर उभ्या आहोत.

"ओ ताई, पाय!" कोणी तरी ओरडलं.

ती गुडघ्यांवर बसली आणि तिने पहिला हार ओढला. दोरा तुटून फुलं घरंगळली. बायकांनी तोंडाला पदर लावले. दुसरा हार. तिसरा.

"यास्मिनताई, हे काय चालवलंय?" मोहित्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पूजा मोडली हिनं! बघताय काय, धरा तिला!"

दोघंतिघं पुढे सरकले. यास्मिनने हाराच्या तुटक्या दोऱ्यात अडकवून रायफलीची नळी उचलून धरली. "साहेब, टिचकी मारा. एक डाव मारा, मग मला धरा."

सुतारांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हाताने लोकांना थांबवलं आणि वाकून टिचकी दिली.

नळी घुमली. यंत्राने दोन सेकंद घेतले.

"केतकी इंगवले."

 सुतारांनी पुन्हा टिचकी मारली. यंत्राने त्याच थंड, स्वच्छ आवाजात पुन्हा सांगितलं, "केतकी इंगवले." ती पोरगी त्या वेळी दोन मैलांवर कोठडीत होती.

"मी लावला हा सूर," यास्मिन म्हणाली. आता बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "ह्यांनी मागितला आन् मी दिला. केस ठेवला न्हाई. त्या दिवशी तुमच्या यंत्रात खरखर ऐकली, तवाच मला कळलं होतं. मी भ्याले. सही खोटी हाय माझी." पाटावरची आपली कानस उचलून तिने सुतारांपुढे धरली. "ही घ्या. पुरावा हाय."

सुतारांनी कानस घेतली नाही. ते हातातल्या यंत्राकडे बघत होते.  "चारशे बारा," ते स्वतःशीच पुटपुटले. "ताई, आत गेलेल्या चारशे बारांना मी काय सांगू?"

दारातल्या हवालदाराने मोहित्यांचा दंड धरला होता. मोहिते सर अजूनही हसायचा प्रयत्न करत होते. "यंत्र बिघडलंय," ते म्हणाले. "उघड आहे. बिघडलेल्या यंत्रावर मला कसं धराल? रायफल माझी असंल, पण तिच्यावरची नळी कुणी बदलली नसंल कशावरनं?"

आणि खरंच, ते कोणाला सांगता येईना. मोहित्यांनी नळीवरचा नंबर कधीच घासून गुळगुळीत केला होता, आणि नाव सांगणारं यंत्र दुसऱ्याचंच नाव घेत होतं. 

कोपऱ्यात दस्तगीरभाईंना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांना फक्त तुटलेले हार दिसले, लेकीच्या हातातली नळी दिसली आणि सगळ्यांचे पडलेले चेहरे दिसले. ते उठले, फुलांवरून पाय जपत पुढे आले. खिशातून शिसवी काडी काढून त्यांनी एक टोक दातांत धरलं, दुसरं नळीला टेकवलं आणि लेकीला खूण केली.

यास्मिनने टिचकी मारली.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. सूर संपला, मग खरखर आली, तीही संपली, तरी ते दात दाबून उभेच. मग त्यांनी काडी तोंडातून काढली आणि बहिरा माणूस बोलतो तशा मोठ्या आवाजात सगळ्या दुकानाला सांगितलं:

"मोहित्यांची हाय की. काय वळखायचं त्यात?"